बाटलीवरचा आकडा वाचायला शिकवणारा वर्ग

ठाण्यात पाचपाखाडीला ज्या डॉक्टरबाईंकडे आम्ही मुलीला लस द्यायला नेतो, त्या महिन्यातून एका रविवारी दवाखान्याच्या वरच्या खोलीत पालकांसाठी तीन तासांचा वर्ग घेतात. शुल्क माणशी ५०० रुपये. नाव नोंदवताना एकच सूचना मिळते, ती म्हणजे घरातील औषधांचा डबा जसा असेल तसा, त्यातले काहीही न काढता सोबत आणावा. मी आणि सासूबाई आमचा जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन गेलो.

वर्गाची सुरुवातच डबे टेबलावर रिकामे करण्याने झाली. मुदत उलटलेले नाकाचे थेंब, पाणी घालून तयार केलेले आणि कधीच टाकून द्यायला हवे होते असे अँटिबायोटिक, थोरल्या भावंडाचे खोकल्याचे औषध असे बरेच काही जवळजवळ प्रत्येक डब्यातून निघाले. आमच्या डब्यातून पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या निघाल्या. डॉक्टरबाईंनी त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला लहान अक्षरातील ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. एकीवर पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम लिहिले होते, दुसरीवर तेवढ्याच औषधात २५० मिलिग्रॅम. मुलांना हे औषध वजनाप्रमाणे, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम आणि दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर ठेवून द्यायचे असते, असे त्यांनी सांगितले, तेव्हा मी तिथेच कागदावर हिशेब मांडला. मागच्या पावसाळ्यात मुलगी नऊ किलोची असताना पहिली बाटली संपली, औषधाच्या दुकानातून 'तेच आहे' म्हणून दुसरी मिळाली आणि सवयीने मी पाच मिलिलिटर दिले, तेही एका रात्रीत दोनदा. जास्तीत जास्त १३५ मिलिग्रॅम चालले असते, तिथे मी २५० दिले होते. माझे हात गार पडले. तेवढ्याने यकृताला इजा होत नाही, पण तीच चूक दोन-तीन दिवस दर चार तासांनी झाली असती तर गोष्ट वेगळी असती, असे त्यांनी मला समजावले आणि मग सगळ्यांना आपापल्या मुलाच्या वजनाचा हिशेब करायला लावला. थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात, त्यामुळे तिथे चमचा वापरला तर अनर्थ होतो. ही एक गोष्ट शिकवली असती तरी मी शुल्क वसूल झाले असे म्हटले असते.

जुलाबांच्या भागात ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम मिसळून दाखवले. आमच्यापैकी निम्म्याजणी ते चिमटी-चिमटीने पेल्यात घालत होतो, म्हणजे साखर-मिठाचे प्रमाण दर वेळी बिघडत होते. तयार पाणी २४ तासांनी फेकायचे आणि जुलाब थांबले तरी डॉक्टरांनी दिलेले झिंक १४ दिवस पूर्ण करायचे, हेही ठसवले. नावात ओआरएस मिरवणारी गोड पेये वेगळी. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्यावर तो शब्द वापरायला मनाई केली, हे मला तिथे कळले.

मला सर्वांत भावली ती डॉक्टरबाईंची आज्यांशी बोलण्याची रीत. सासूबाईंनी सरळच विचारले, ''आमची तिन्ही मुलं मधातल्या गुटीवर वाढली, मग आताच काय बिघडलं?'' डॉक्टरबाईंनी ते हसण्यावारी नेले नाही. मधात काही वेळा एक जिवाणू-बीज असते; मोठ्यांचे आतडे त्याला वाढू देत नाही, पण तान्ह्या बाळाचे आतडे त्याला रोखू शकत नाही, त्यातून विषार तयार होऊन बाळ ढिले पडते आणि श्वासही अडू शकतो. हे क्वचित घडते, पण कोणत्या बाळाला घडेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून वर्षाच्या आत मधाचे बोटही नको, असे त्यांनी नीट सांगितले. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको, काजळ नको, कानात-नाकात तेल नको. मालीश मात्र खुशाल करा, असेही म्हणाल्या. घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, ''कारण सांगितलं की पटतं गं.''

घशात काही अडकले तर काय करावे, हे बाहुलीवर करून घेतले. एक वर्षाच्या आतील बाळाला मांडीवर डोके खाली करून पालथे धरायचे, पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीवर पाच दाब. सासूबाईंची पहिली थाप ढेकर काढण्याइतकी हळू होती; चौथ्या खेपेला जोर बरोबर आला. दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढू नये, हेही त्यांनी बजावले. तापात झटका आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, मुलाला कुशीवर वळवून घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ला फोन करावा.

उणिवा आहेत. पंधरा जणांत दोनच बाहुल्या असल्याने हृदय-श्वास पुनरुज्जीवनाचा (सीपीआरचा) सराव घाईत उरकला, तो स्वतंत्र सत्र घेऊन व्हायला हवा. शेवटी मिळणारे पत्रक केवळ इंग्रजीत आहे, याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण आमच्या घरी दिवसभर मूल असते सासूबाई आणि मुलीला सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या हाती, आणि त्या दोघी मराठीच वाचतात. मावशींसारख्यांना ५०० रुपयेही जड आहेत. मी हे दोन्ही डॉक्टरबाईंच्या कानावर घातले. पत्रक मराठीत करून दिले तर पुढच्या वेळी छापून घेऊ, असे त्या म्हणाल्या, ते काम मी अंगावर घेतले आहे. मावशींचे नाव मी पुढच्या वर्गासाठी नोंदवले आहे. वर्ग दहाला सुरू होतो आणि मुलांना बसवायला वेगळी जागा नाही, त्यामुळे मूल घरी कोणाकडे तरी ठेवूनच जावे.