फोनला लावायचा थर्मल कॅमेरा: पॅनेलवाल्याचा अनुभव

सोसायट्या आणि छोट्या वर्कशॉपची इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची कामं घेतो. दिवाळीपासून हा कॅमेरा खिशात आहे. टाइप-सी पोर्टला लावायचा, २५६ बाय १९२ पिक्सेलचा.

पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, "भिंतीपलीकडचं दिसतं का हो?" नाही. याला दिसतं ते फक्त पृष्ठभागाचं तापमान. प्रत्येक वस्तूतून अवरक्त किरण निघतात. त्यातले ८ ते १४ मायक्रॉनचे किरण सेन्सरवर पडले की त्याचे बारीक पिक्सेल तापतात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून चित्र बनतं. साधी काच हे किरण अडवते, म्हणून लेन्स जर्मेनियमची असते. विजेच्या पॅनेलच्या अ‍ॅक्रिलिक झाकणातूनही काही दिसत नाही. झाकण उघडावंच लागतं आणि आत लाइन चालू असते, तेव्हा हे ज्याचं काम त्यानेच करावं.

पैसे वसूल होतात ते लूज कनेक्शन शोधताना. तिन्ही फेजचे लग (वायरच्या टोकाला बसवलेले, स्क्रूने आवळायचे जोड) शेजारी शेजारी असतात, त्यातला एकच पिवळाधमक, म्हणजे जास्त गरम, दिसला की स्क्रू ड्रायव्हर लावण्याआधीच अंदाज येतो. पण आधी क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजायचा मीटर) लावा. त्या फेजवर लोडच जास्त असेल तर तो तापणारच. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे निम्म्या लोडवर ती चौथाईच असते. दुपारी निर्धास्त वाटलेलं पॅनेल संध्याकाळी एसी आणि पंप सुरू झाल्यावर वेगळंच दिसतं. मी सोसायट्यांत संध्याकाळीच जातो.

चकचकीत तांब्याच्या बसबारवरचा (पॅनेलमधल्या करंट वाहणाऱ्या जाड पट्टीवरचा) आकडा मात्र मानू नका. असा धातू स्वतःचे किरण फार कमी सोडतो आणि आजूबाजूचे परावर्तित करतो. कधी कधी त्यात आपलंच तोंड दिसतं. सप्लाय बंद असताना काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवायचा, कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःचे किरण किती सोडतो त्याचा आकडा) ०.९५ ठेवायची आणि नंतर त्या तुकड्यावरचं तापमान वाचायचं.

गच्चीखालची ओलही सापडते, कारण पाणी उडताना भिंत गार पडते. भर पावसात हवाच दमट असल्याने फरक पुसट होतो. शिवाय गार डाग म्हणजे ओलच असं नाही, मॉइश्चर मीटरने खात्री करावी लागते.

त्रास म्हणाल तर मधूनमधून शटर टक् करतं आणि चित्र क्षणभर थिजतं. फोनची बॅटरी भराभर उतरते. खांबावरचा जंपर (दोन तारा जोडणारा वायरचा तुकडा) खालून बघायला हा निरुपयोगी आहे, कारण एवढ्या लांबून एका पिक्सेलमध्ये जंपर आणि आकाश दोन्ही येतात आणि तापमान कमी दिसतं. त्या कामाला मोठ्या लेन्सचा कॅमेरा भाड्याने आणतो.