गुलमर्ग की औली? आणि तिथे पोचल्यावर कुठला उतार?

थंडी सुरू झाली की रत्नागिरी-चिपळूणकडच्या ग्रुपमध्ये विचारणा सुरू होते, यंदा स्कीइंगला जायचंय, कुठलं बरं? माझं म्हणणं, ठिकाण नंतर ठरवा, आधी बरोबर येणाऱ्यांपैकी कोण कुठल्या लेव्हलचं आहे ते बघा, आणि लेव्हल म्हणजे किती जोरात जाता येतं ते नाही, हवं तिथे थांबता येतं का ते.

सगळेच नवीन असाल तर मी उत्तराखंडातलं औली म्हणेन. उतार मोकळा आहे, समोर नंदादेवी दिसते, गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स असतात, त्यामुळे पोरं काय नि काका-मावशी काय, नीट शिकून होतं. फक्त बर्फाचा भरवसा कमी, एखाद्या वर्षी पडतच नाही पुरेसा, आणि २०२३ च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचली तेव्हा रोपवे बंद केला होता, तेव्हा वर जायला रस्त्याचाच हिशोब धरा.

ग्रुप मिक्स असेल तर मात्र गुलमर्ग. खाली गावाजवळच, साधारण २६५० मीटरवर, अगदी सौम्य उतार आहेत, तिथे पडलात तरी फार काही होत नाही. तिथे स्कीची टोकं जुळवून, मागून फाकवून वेग कमी करायला शिका, म्हणजे स्नोप्लाव, आणि दोन्ही बाजूंना वळता येईपर्यंत वर जायची घाई नको. ते जमलं की गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा, कोंगडोरी, साधारण ३१०० मीटर. तिथून चेअरलिफ्टही आहे. मधल्या लेव्हलच्या माणसाला खरी मजा इथेच आहे असं मला मनापासून वाटतं, उतार पुरेसा लांब, वळणं एकापाठोपाठ एक घेता येतात आणि दम लागला तर थांबता येतं.

आता दुसरा टप्पा, अफरवत, जवळजवळ ३९५० मीटर. सगळा घोळ इथे होतो, कारण एवढे लांब आलोय तर वरचं तिकीट काढूयाच असं कोणीतरी म्हणतंच. वर मशीनने दाबून सारखा केलेला ट्रॅक नसतो, खोल मोकळा बर्फ असतो, आणि हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावरच होतं, तसले उतार तिथे भरपूर. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअरचा जीव गेला, २०२४ च्या फेब्रुवारीत एका रशियनचा. आपल्याकडे नदीच्या डोहात पोहता येतं म्हणून कोणी जुलैत समुद्रात उतरत नाही, तसंच हे. पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) पक्के, खोल बर्फाची सवय, लोकल गाइड, बर्फात गाडल्या गेलेल्याला शोधून काढायची ट्रान्सीव्हर-प्रोब-फावडं ही साधनं जवळ आणि सकाळी स्की पेट्रोलची, म्हणजे उतारांची सुरक्षा बघणाऱ्या टीमची, सूचना वाचलेली, हे सगळं असेल तरच जा. नुसता नजारा बघायचा असेल तर गोंडोलाने वर जाऊन गोंडोलानेच खाली या, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि आपण समुद्रसपाटीवरची माणसं, उंचीवर डोकं दुखतं, मळमळतं, म्हणून पोचल्याच्या दिवशी तर वर नकोच.

परदेशात जाणाऱ्यांसाठी एवढंच की युरोपात उतार किती अवघड ते सांगणारे निळा, लाल, काळा असे चढते रंग असतात, काही देशांत त्याआधी हिरवा, अमेरिकेत लाल नसतोच. शिवाय रंग त्या त्या रिसॉर्टपुरता असतो, एकीकडचा निळा दुसरीकडे चांगलाच तिरका निघू शकतो, म्हणून पहिली फेरी एक रंग खालचीच घ्या.

स्की भाड्याने घेताना वजन आणि लेव्हल खरी सांगा, लाजू नका. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, त्यावरून सेट करतात, जास्त घट्ट राहिलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो.