तलाठी की बँकेत क्लार्क? दोन्हीकडे निवड झालेल्यांसाठी

तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, आणि सरकारी बँकेतला क्लार्क, अशा दोन्ही याद्यांत नाव आलं की घरचे आधी विचारतात, हातात किती पडतील? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा, कारण सुरुवातीला फारसा फरक नसतो. तलाठ्याचं मूळ वेतन २५,५०० (वेतनस्तर एस-८). त्यावर ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर घरभाड्याआधीच ३९,५२५ होतात. बँक क्लार्कचं मूळ वेतन २४,०५०. तिथे महागाई भत्त्याची टक्केवारी लहान दिसते, पण साडेसव्वीस टक्के विशेष भत्ता वेगळा मिळतो आणि महागाई भत्ता या दोन्हींच्या बेरजेवर मोजतात.

वेतनवाढीत मात्र बँक सरस आहे. तिथे दर पाच वर्षांनी कर्मचारी संघटनांशी वेतनकरार होतो. शेवटचा करार मार्च २०२४ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाला. राज्यात वेतन आयोगाची वाट पाहावी लागते. सातवा आयोग केंद्रात जानेवारी २०१६ पासून लागू झाला, राज्यात वाढीव पगार प्रत्यक्ष मिळायला २०१९ उजाडलं आणि थकबाकी पाच हप्त्यांत आली. बँकेत महागाई भत्ता दर तिमाहीला बदलतो. राज्यात केंद्राच्या घोषणेनंतरही शासन निर्णय निघेपर्यंत थांबावं लागतं.

तरीही मी तलाठी पदाकडे झुकतो, त्याचं कारण पेन्शन. १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्या बँक कर्मचाऱ्यांना एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. निवृत्तीला जमलेल्या रकमेतला काही भाग एकरकमी मिळतो, उरलेल्यातून वार्षिकी घ्यायची. महिन्याला किती मिळणार ते बाजारावर ठरतं आणि महागाईबरोबर ती रक्कम सहसा वाढत नाही. राज्यातही १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची हीच गत होती. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत कर्मचारी संपावर गेले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेच्या शासन निर्णयाने एनपीएसवाल्यांना ग्रॅच्युइटी आणि सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं. पुढे सुधारित योजना आली. तिचा विकल्प घेतला तर शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन, त्यावर महागाईवाढ आणि पश्चात कुटुंबाला त्या पेन्शनच्या ६० टक्के. बाजाराची जोखीम शासनाने उचलली आहे. पगारातून १० टक्के कापले जातातच आणि सेवा कमी भरली तर पेन्शनही घटते. पण बँक क्लार्कच्या परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला २८ असल्यामुळे, दोन्हीकडे निवड झालेल्या बहुतेकांपुढे तीसेक वर्षांची नोकरी असते.

एक वजाबाकी करायलाच हवी. तलाठी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, बँकवाला ६० व्या. सर्वाधिक पगाराची दोन वर्षं जातात, ही रक्कम लहान नाही.

आजारपणात बँक सोयीची. क्लार्कला सेवेत असताना कुटुंबासह तीन लाखांचा गटविमा मिळतो. राज्यात आधी खर्च करायचा, मग प्रतिपूर्तीची फाइल टेबलाटेबलावर फिरवायची. आईवडिलांना नियमित उपचार लागत असतील तर हे गणित नीट मांडा.

कामाचा ताण दोन्हीकडे आहे, जातकुळी वेगळी. बँकेत काउंटरची रांग, संध्याकाळी रोकड जुळवणं, वर विमा विकण्याचं टार्गेट. तलाठ्याकडे सातबारा, फेरफार, निवडणुकीची कामं. अतिवृष्टी झाली की बांधाबांधावर पंचनामे, आणि कुणाचं नाव यादीत घ्यायचं यावर गावचा दबाव. पाच दिवसांचा आठवडा पंचनाम्यांच्या दिवसांत कागदावरच राहतो. ज्याला भांडण सोसत नाही, त्याने पेन्शनकडे पाहून तलाठी होऊ नये.

बदलीचं म्हणाल तर तलाठी आपल्या जिल्ह्यातच राहतो; क्लार्कची भरती राज्यनिहाय असल्याने लातूरच्या मुलाला गडचिरोलीही मिळू शकतं. अधिकारी व्हायची घाई असेल तर बँकेतली पदोन्नती परीक्षा जवळचा रस्ता आहे. मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार ही वाट लांबची.

बँकेचं बोलावणं आधी आलं तर रुजू व्हायला हरकत नाही. पण काही बँका बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याची हमी, लिहून घेतात, तो सहीआधी वाचा. नंतर तलाठी झालात तर एनपीएस खात्याचा प्राण क्रमांक तोच चालतो. नव्या कार्यालयात तो कळवा आणि सुधारित पेन्शनच्या विकल्पाचा अर्ज पहिल्याच आठवड्यात आस्थापना शाखेकडे मागा.