सागवानी फ्रेमची सायकल: एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या दिवाळीत सागवानी फ्रेमची सायकल घेतली. आता पावसाळाही काढून झालाय. 'लाकूड म्हणजे हलकं' एवढ्यावर घेणार असाल तर जरा थांबा. सागवान पोलादाच्या साधारण बाराव्या हिश्शाने भरतं, पण ताठपणाही सोळाव्या हिश्शाच्या आसपासच. त्यामुळे दांड्या जाड कराव्या लागतात, आणि जाड दांड्या भरीव ठेवल्या तर तो ओंडकाच. माझ्या फ्रेममध्ये दोन फळ्या आतून कोरून एकमेकींना चिकटवल्यात. हलकेपणा आला तो या पोकळीतून. सगळी सायकल ११ किलोच्या आत आहे.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात उभं राहून पायडल मारलं की मधल्या कपापाशी, म्हणजे पायडलचा आस जिथे फिरतो तिथे, फ्रेम किंचित लचकते. बसून चढणाऱ्याला ते कळणारही नाही. खरी मजा उतारावर. कासहून येताना उखडलेल्या पट्ट्यांवर ॲल्युमिनियमच्या सायकलने हात बधिर व्हायचे, ते बंद झालं. चाकं आणि टायर जुन्याच सायकलचे आहेत, तेव्हा हे श्रेय फ्रेमलाच.

आता दुखणं. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि मधल्या कपासाठी आत बसवलेल्या धातूच्या नळ्या मात्र फुगत नाहीत, म्हणजे सगळा ताण चिकटवलेल्या सांध्यावर. त्यात सागवान मुळात तेलकट. चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसलं नाही तर इपॉक्सी हा गोंद नीट धरत नाही. जुलैत माझ्या मधल्या कपातून करकर सुरू झाली. इथल्या मेकॅनिकने फ्रेम पाहिली आणि सरळ हात जोडले. सायकल बनवणाऱ्याकडे पाठवली. महिना गेला, वर कुरियरचा खर्चही माझ्याच माथी. काम चोख झालं, पण घेण्याआधी सांधा कसा चिकटवता हे विचाराच. उत्तर देताना चाचरला तर दुसरा बघा.

ब्रेकची केबल घासून हेडट्यूबवरचं, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीवरचं, पॉलिश गेलं आणि तेवढं लाकूड काळवंडलं. वाळवून, पॉलिशपेपर मारून पुन्हा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश चढवलं. पारदर्शक चिकटपट्टी पहिल्याच दिवशी लावली तर हे टळतं.

पोवई नाक्यावर थांबलं की कुणीतरी बोटाने टकटक करतंच. "वाळवी लागत नाही का हो?" सागाला सहसा नाही लागत, काका.

गाडीच्या मागच्या कॅरिअरवर न्यायची असेल तर दांडीला आवळणारा क्लॅम्प नको, पोकळ लाकूड दबतं. चाकं धरणारा घ्या.