सेटिंगमधल्या बदलांची नोंद: सॉफ्टवेअरचा ऑडिट ट्रेल की डेटाबेस ट्रिगर?

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कराचा दर, बंद कालावधीचं लॉक (त्या काळातल्या नोंदी बदलू न देणारं), मंजुरीची मर्यादा यांपैकी एक सेटिंग बदलली तरी पुढच्या सगळ्या नोंदींवर परिणाम होतो. त्यामुळे व्हाउचरपेक्षा सेटिंगचा माग जास्त काटेकोर हवा.

सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः ठेवतं त्या बदलांच्या नोंदीत, खरा युजर, वेळ, जुनं आणि नवं मूल्य वाचता येईल असं दिसतं. लेखापरीक्षकाला हेच लागतं. पण अनेकदा तो फक्त व्यवहारांसाठी चालू असतो आणि सेटिंगसाठी वेगळा सुरू करावा लागतो. शिवाय कुणी थेट डेटाबेसमध्ये मूल्य बदललं, तर इथे काहीच उमटत नाही.

डेटाबेस ट्रिगर, म्हणजे टेबलात बदल होताच डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा छोटा कोड, तो थेट बदलही पकडतो. अडचण युजरची आहे: सॉफ्टवेअर सहसा एकाच सामाईक लॉगिनने डेटाबेसशी जोडलेलं असतं, म्हणून प्रत्येक नोंदीवर तेच नाव येतं. खरा युजर आयडी सॉफ्टवेअरने सेशनमध्ये (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीत) पाठवला तरच उपयोग. अपग्रेडनंतर नवा कॉलम आला, तर ट्रिगरही सुधारावा लागतो. हे हमखास राहून जातं. आणि डेटाबेस अ‍ॅडमिन ट्रिगर बंद करू शकतो, म्हणून लॉगची प्रत त्याच्या हाताबाहेरच्या सर्व्हरवर रोज जायला हवी.

आमच्या मते ऑडिट ट्रेल मुख्य ठेवावा. ट्रिगर फक्त कर, लॉक आणि अधिकारांच्या टेबलांवर लावावा. सॉफ्टवेअरमध्ये चाचणीसाठी उघडलेल्या कंपनीत लॉक काढून पुन्हा लावा. दोन्हीकडे २ नोंदी दिसायला हव्यात. वेळ जुळत नसेल, तर आधी टाइमझोन तपासा.