कोणत्या दुखण्याला कोणतं दार? सरकारी आरोग्यसेवेचं परीक्षण

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया कशालाच पैसे पडत नाहीत. ही मोठी जमेची बाजू आहे. लंगडी आहे ती वाट दाखवण्याची व्यवस्था. कुठलं दुखणं कुठल्या पायरीवर न्यायचं हे पेशंटला कुणी नीट सांगत नाही. म्हणून साध्या तापाचा माणूस सिव्हिलच्या रांगेत अर्धा दिवस उभा राहतो, आणि छातीत कळ आलेला माणूस जवळ पडतो म्हणून अशा दवाखान्यात जातो जिथे ईसीजीचं यंत्रसुद्धा नसतं.

सगळ्यात कमी लेखली जाणारी पायरी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. निकषाप्रमाणे सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक. सहा खाटा, डॉक्टर, सिस्टर, औषध देणारा, लॅबवाला. ओपीडी साधारण सकाळी साडेआठ ते साडेबारा आणि दुपारी चार ते सहा. बाळंतपण आणि तातडीच्या पेशंटसाठी रात्रीही. ताप, जुलाब, मुलांच्या लसी, क्षयाच्या संशयाने थुंकीची तपासणी, बीपी-शुगरच्या महिनाभराच्या गोळ्या यासाठी तालुक्याला जायची गरज नाही. शुगर तपासायची असेल तर सकाळी उपाशीपोटी जा आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. ‘पांढरी गोळी’ एवढ्यावरून कुणालाच औषध ओळखता येत नाही.

कुत्रा चावला तर पहिलं काम घरीच करायचं: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. मग आरोग्य केंद्र. कातडीत देण्याची लस असेल तर त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात स्नायूत देत असतील तर यात चौदावा दिवस वाढतो. कातडी फुटून रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत आणि जखमेभोवती टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन किंवा सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडंही लागतात. हे इंजेक्शन बहुधा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मिळतं. इथेच गडबड होते. लस टोचली की काम झालं असं समजून पेशंट घरी जातो. म्हणून सिस्टरला स्पष्ट विचारा, “जखमेतलं इंजेक्शन लागेल का, आणि ते कुठे मिळेल?”

साप चावल्यावर दोरी आवळायची नाही, ब्लेडने चिरायचं नाही, पेशंटला चालवायचं नाही. चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा. प्रतिसर्पविषाचा, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाचा पहिला डोस आरोग्य केंद्रातच मिळाला पाहिजे. विषबाधेची लक्षणं दिसली तर सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या सलाईनमधून देतात. लक्षणं स्पष्ट नसतील तर थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय असं समजायचं. नाग-मण्यारच्या विषात मात्र ही चाचणी उपयोगाची नाही. पापण्या जड होणं, गिळता न येणं, आवाज घोगरा होणं ही त्याची खूण, आणि तेव्हा व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय लागतं. पहिला डोस न देताच ‘पुढे न्या’ म्हणणं ही अशा वेळी सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. नातेवाईकांनी आदबीने, पण ठामपणे डोस मागावा.

बाळंतपणाच्या बाबतीत योजना उत्तम आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल असो की सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरून दवाखाना व परत घरी नेणारी गाडी मोफत आहे. गाडीसाठी १०२. पण सिझेरियन आरोग्य केंद्रात होत नाही, आणि ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात होईल की नाही हे पाटीवरून कळत नाही. ते भूलतज्ज्ञ आहे का आणि रक्त साठवायची सोय आहे का यावर ठरतं. पद रिकामं असेल तर ऐन वेळी जिल्ह्याला धावावं लागतं. हा प्रश्न सातव्या महिन्यातच आशाताईंना विचारून ठेवा. आधीचं सिझेरियन, जुळं, वाढलेलं बीपी किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर सिझेरियन आणि रक्त दोन्हीची सोय असलेलं रुग्णालय आधीच नक्की करा.

पायऱ्या ओलांडून थेट वर जायचं ते दोन-तीन दुखण्यांतच. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सीटी स्कॅन असलेलंच ठिकाण हवं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला बराच वेळ रस्त्यात जातो. पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. छातीत दुखून घाम फुटला असेल, किंवा अपघातात डोक्याला मार असेल, तर १०८.

२०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झालेली १०८ ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत भरवशाची कडी. यातल्या २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक सोयींच्या होत्या, आणि महाराष्ट्रात गाडीत डॉक्टर असतो हे तिचं खरं बळ. फोनवर गाव, तालुका, ठळक खूण आणि पेशंट शुद्धीवर आहे का, एवढं सांगा आणि तोच फोन मोकळा ठेवा. वाड्या-वस्त्यांत एक माणूस फाट्यावर उभा करा; गाडीला उशीर होतो तो बऱ्याचदा शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. डिस्चार्जनंतर घरी सोडायला ही गाडी मिळत नाही.

एका पायरीवरून दुसरीकडे पाठवताना जी संदर्भ चिठ्ठी मिळते, तिच्यात नुसतं ‘पुढील उपचारासाठी’ लिहिलेलं असेल तर तिचा उपयोग शून्य. वेळ, बीपी, नाडी, दिलेली औषधं, सापाच्या औषधाच्या किती कुप्या झाल्या, आणि पुढच्या रुग्णालयाला फोन केला का, हे त्यात पाहिजे. एवढं असलं की वर गेल्यावर उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाहीत.

आणखी एक घोळ सिव्हिलबाबत. अनेक जिल्ह्यांतली सिव्हिल आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली आहेत. तो विभाग वेगळा, त्यामुळे सुरुवातीला सांगितलेली मोफत सेवा तिथे लागू होत नाही आणि काही तपासण्यांची फी भरावी लागते. महापालिकेच्या रुग्णालयांचे दरही वेगळे. सावंतवाडी-दोडामार्गकडचे पेशंट गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात, तिथेही गोव्याबाहेरच्यांना शुल्क आहे.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, रेशनकार्डाचा रंग कोणताही असो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या) खिडकीवर जा, भरती काउंटरवर नंतर. रुग्णालय योजनेत असणं पुरेसं नाही; ते तुमच्या आजाराच्या शाखेसाठी योजनेत आहे का हे विचारा. हाडांसाठी असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. योजना कॅशलेस आहे: आधी रोख भरलंत तर ते परत मिळत नाहीत. दोन कागदांवर नाव वेगळं असेल तर मंजुरी अडते. तातडीच्या वेळी मात्र फोनवर मंजुरी घेऊन कागद नंतर देता येतात. ओपीडीचा खर्च यात बसत नाही. पॅकेजात औषधं, इम्प्लांट, जेवण आणि घरी जायचं भाडंही धरलेलं असतं, म्हणून बाहेरून काही आणायला सांगितलं तर १५५३८८ वर फोन करा.

योजनेत न बसणाऱ्या आजाराला धर्मादाय, म्हणजे ट्रस्टने चालवलेल्या रुग्णालयाचं दार आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा, तेही बिल वाढण्याआधी. जीवावर बेतलेल्या पेशंटकडे डिपॉझिट मागता येत नाही. खाट नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर त्या रुग्णालयाच्या रिकाम्या खाटा पाहा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घेऊन.