बारा महिने हिरवे अंगण: इंदूरमधील एका लॉन-देखभाल सेवेचा वर्षभराचा अनुभव

राजेंद्र नगरातील आमच्या घरासमोर सुमारे ६०० चौरस फूट मोकळी जागा आहे. तिथे आईने लावलेली जास्वंद, एक पारिजातक आणि मधल्या जागेत आपोआप पसरलेली हरळी होती. मागच्या वर्षी घराला रंग दिला तेव्हा अंगणही नीटनेटके करावे असे ठरले आणि एका लॉन-देखभाल सेवेशी आम्ही वर्षभराचा करार केला. महिन्यातून दोनदा कापणी, खत, औषधफवारणी आणि तण काढणे या सगळ्याचे मिळून महिना १,८०० रुपये ठरले. हरळीच्या जागी मेक्सिकन गवत (लॉनसाठी विकत आणून लावतात ते) लावण्याचा खर्च वेगळा झाला. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार तिथल्या माणसांच्या कामाबद्दल कमी आणि ते जे विकतात त्याबद्दल अधिक आहे.

कामाला नावे ठेवायला जागा नाही. माणसे सांगितलेल्या दिवशी येतात, दोरी धरून कडा सरळ कापतात आणि जाताना फरशी झाडून जातात. ऐन एप्रिलमध्ये आमचे अंगण पोपटी दिसत होते आणि येणारे-जाणारे फाटकाशी थबकत होते.

खटकू लागले ते पाणी. उन्हाळ्यात रोज सकाळी अर्धा तास पाइप सोडा, अशी त्यांची सूचना होती. एके दिवशी मी १५ लिटरची बादली पाइपाखाली धरून पाहिली. ती ५० सेकंदांत भरली. म्हणजे अर्ध्या तासात ५४० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, त्या हिशेबाने चार माणसांच्या घराला दिवसभर पुरेल एवढे पाणी आमचे गवत न्याहारीपूर्वीच पिऊन टाकत होते. बरे, त्याला तेवढ्याची गरजही नव्हती. कडक उन्हात गवताला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तरी आमच्या जागेचा हिशेब २८० लिटरच्या आसपास येतो. उरलेले पाणी आमच्या काळ्या मातीत पटकन मुरत नाही. ती ओली झाली की फुगते आणि वरचे पाणी फरशीवरून गटाराकडे निघून जाते.

इंदूरमध्ये या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण इथले नळाचे पाणी मुख्यतः नर्मदेचे आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून ते टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवून माळव्याच्या पठारावर आणले जाते. त्या पंपांच्या विजेचा भार एवढा आहे की तो हलका करण्यासाठी महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) काढून सौरऊर्जा प्रकल्पासाठी २४४ कोटी रुपये उभे केले. असे घाट चढून आलेले पाणी गवतावर सोडताना, निदान मला तरी, हात आखडता घ्यावासा वाटतो. अमेरिकेत घरांभोवतीच्या बागांच्या सिंचनासाठी दिवसाला सुमारे ३,४०० कोटी लिटर पाणी जाते, असा तिथल्या पर्यावरण संस्थेचाच अंदाज आहे. ती हौस आपण परवडत नसताना उचलली आहे.

खताची रीत तर मला अजूनही कळलेली नाही. कापलेले गवत पोत्यांत भरून ते घेऊन जातात आणि पुढच्या फेरीत युरिया टाकतात. कापलेल्या पात्यांतही युरियातले नत्रच (नायट्रोजन) असते. ती बारीक करून तिथेच पसरली तर गवताची जवळजवळ पाव गरज भागते. मी तसे सुचवले, तेव्हा ‘साफ दिसत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. जास्तीचा युरिया पहिल्या जोरदार सरीबरोबर वाहून जातो आणि जमिनीत राहिलेल्यापैकी थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. कापणीचे यंत्र टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारे. त्याच्या इंजिनातून बरेचसे इंधन न जळताच बाहेर पडते, आणि कापणीनंतर त्याचा वास दुपारपर्यंत ओसरीवर रेंगाळतो.

भाद्रपदात मात्र प्रकरण घरापर्यंत आले. फरशीच्या कडेने हरळी पुन्हा डोके वर काढत होती आणि आईने गणपतीसाठी तिच्याच दूर्वा खुडायला ठेवल्या होत्या. चतुर्थीच्या चार दिवस आधी सेवेचा मुलगा आला आणि त्या कडेवर तणनाशक मारून गेला. बाटलीवर लेबल नव्हते. कोणते औषध आहे, हे त्यालाही सांगता आले नाही. एकवीस दूर्वांची जुडी त्या वर्षी आम्ही बाजारातून विकत आणली. जी वनस्पती उन्हाळ्यात पिवळी पडून निपचित राहते आणि पहिल्या पावसात स्वतःहून हिरवी होते, तिला ‘तण’ ठरवून मारायचे आणि रोज पाणी मागणारे गवत पैसे देऊन पोसायचे, हा व्यवहार आईला पटला नाही. मलाही नाही.

यावर सरसकट फरशी टाकणे हा उपाय, असे शेजारी म्हणतात. तो मला अधिकच वाईट वाटतो. गवत निदान माती धरून ठेवते, दुपारी जमीन तापू देत नाही आणि पावसाचे थोडे तरी पाणी आत घेते. फरशी यांपैकी काहीच करत नाही.

करार संपला तेव्हा मालकांशी शांतपणे बोललो, आणि त्यांनीही ऐकून घेतले, हे नमूद करायला हवे. आता मेक्सिकन गवत फक्त ओसरीसमोर १५० चौरस फुटांत आहे. बाकीच्या जागेत हरळी मोकळी सोडली आहे. फवारणी पूर्ण बंद आहे, कापणी पावसाळ्यापुरती आणि हाताने ढकलायच्या यंत्राने होते, कापलेले गवत पारिजातकाच्या आळ्यात जाते. भेटीमागे ५०० रुपये घेतात. नव्याने करार करणाऱ्यांनी औषधाचे नाव आणि पाण्याचे प्रमाण आधीच लिहून घ्यावे. विचारल्याखेरीज ते सांगत नाहीत.